पाणी थांबवा, बुंधा दाबून पाहा : खांबासारख्या कॅक्टसबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरता सरता आमच्याकडे उभ्या कॅक्टसची पत्रं वाढतात. बहुतेकांचा सूर एकच असतो : इतकं जपलं, तरी गेलं. ही झाडं हेळसांड सोसतात, पण नको त्या वेळी दिलेलं पाणी त्यांना सोसत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. खालच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा येईल, कारण बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : अंगणातल्या कुंडीत साडेचार फुटी सेरियस (खांबासारखा कॅक्टस) आहे. पाच वर्षं छान होतं. गेल्या आठवड्यात बुंध्याशी तपकिरी डाग दिसला आणि काल दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. वरचे तीन फूट हिरवेगार आहेत. झाड वाचेल का?
— वाचक, चिपळूण

उत्तर : वरचा भाग वाचेल, बुंधा वाचणार नाही. आणि कापायचं ते आजच. कूज बाहेरून जेवढी दिसते त्यापेक्षा आतून वर गेलेली असते, कारण ती खोडाच्या मध्यातल्या रसवाहिन्यांच्या कड्यातून चढते. बुरशीनाशक ओतून बुंधा बरा करायचा प्रयत्न करू नका. मऊ पडलेला गर पुन्हा टणक होत नाही आणि त्या खटाटोपात चार दिवस वाया जातात.

साडेचार फुटी खांबाचं वजन सहज आठ-दहा किलो भरतं, म्हणून मदतीला कुणीतरी हवं. खांबाभोवती जाड गोणपाट गुंडाळा आणि दुसऱ्याला वरून धरायला सांगा. पाव कापायचा दातेरी चाकू जाड खोडाला बरा पडतो. पातं सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या. मऊ भाग जिथे संपतो त्याच्या वर चार-पाच बोटं सोडून पहिला आडवा काप घ्या.

आता कापलेला भाग उजेडात नीट पाहा. कडेला हिरवी साल, आत काकडीसारखा ओला, पांढरट गर, मधोमध एक फिकट कडं आणि कड्याच्या आत पुन्हा गर. त्या कड्यावर सुईच्या टोकाएवढे नारिंगी किंवा तपकिरी ठिपके दिसले तर कूज तिथपर्यंत पोचली आहे, बाकीचा गर कितीही ताजा दिसो. मग दोन-दोन बोटांच्या चकत्या काढत वर जा. प्रत्येक कापाआधी पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर चाकूच कूज वर नेतो. एकही ठिपका नसलेली चकती निघाली की आणखी एक चकती काढा आणि थांबा.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. कापलेल्या टोकाची कड सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर तिरकी तासा, पेन्सिलीला टोक काढताना सुरुवातीला तासतो तशी. वाळताना मधला गर आकसतो आणि साल तशीच राहते, त्यामुळे सपाट कापलेल्या टोकाची वाटी होते. त्या वाटीत पुढे पाणी साचतं. शिवाय मुळ्या मधल्या कड्यातून फुटतात, म्हणून ते कडं सर्वात खाली यायला हवं.

वाळवताना खांब उभाच ठेवा. रिकाम्या बादलीत वर्तमानपत्राचे बोळे घालून त्यावर टेकवला की झालं. आडवा ठेवला तर शेंडा उजेडाकडे वळतो आणि मुळ्या कुशीतून फुटतात. जागा सावलीची, पावसापासून दूर आणि वारा खेळता असलेली हवी. तुमच्याकडच्या दमट हवेत पहिले तीन-चार दिवस पंखा लावा. कापावर हळद किंवा गंधकाची पूड लावली तर नुकसान नाही, पण खरं औषध कोरडेपणा हेच आहे. एवढ्या जाड खोडाला पक्की खपली धरायला तीन ते चार आठवडे लागतात. नखाने वाजवल्यावर टणक आवाज आला की खपली तयार झाली.

पण खपली धरली म्हणून भर पावसात लावायची घाई करू नका. हा खांब दसऱ्यापर्यंत न लावता तसाच उभा राहू शकतो, त्याच्या पोटात तेवढं पाणी आहे. पाऊस थांबल्यावर पूर्ण कोरड्या मिश्रणात फक्त तीन-चार सेंटिमीटर खोल लावा आणि तीन काठ्यांचा आधार बांधा. पाणी मुळीच देऊ नका. तीन-चार आठवड्यांनी हलकेच वर ओढून पाहा. विरोध जाणवला तर मुळ्या फुटल्या आहेत, मग पहिलं पाणी द्या. जुनी माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका.

उंच खांबी कॅक्टस जिथे रानात वाढतात, त्या अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातल्या टूसॉन शहराला वर्षाचा पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर, तोही दोन हंगामांत वाटून पडतो. चिपळूणला तीन हजाराच्या वर. कोकणात या झाडाला जून ते सप्टेंबर डोक्यावर छप्पर लागतंच. पडवी, पारदर्शक पत्रा, काहीही चालेल, पण कुंडीत पाऊस पडता कामा नये.

प्रश्न : नर्सरीतून तीन फुटी निळसर कॅक्टस आणला. कुंडी कोणती, माती कशी, आणि पाणी किती दिवसांनी द्यायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
— वाचक, नाशिक

उत्तर : निळसर म्हणजे बहुधा पिलोसोसेरियस, मूळ ब्राझीलचा. आधी कुंडीविषयी. झाडाची मुळं आणि कुंडीचा काठ यांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. मोठ्या कुंडीत जिथे मुळं पोचत नाहीत ती माती आठवडाभर ओली राहते आणि कूज तिथून येते. तीन फुटी झाडाला 10 ते 12 इंची मातीची कुंडी घ्या. ती हवा खेळू देते आणि वजनामुळे झाड वाऱ्याने उलटत नाही.

मिश्रण मापाने सांगतो. दोन ते पाच मिलिमीटरची बारीक खडी तीन भाग, विटांचा चाळलेला चुरा एक भाग, पोयटा माती एक भाग आणि पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. दहा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घाला. खडी आणि विटांचा चुरा दोन्ही धुऊन घ्या, कारण त्यातली पिठासारखी धूळच पुढे चिखल होऊन हवा अडवते. काळी माती नको. ती ओली झाली की चिकटते, वाळली की आकसते आणि मुळं तोडते. नर्सरीचं झाड बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते सगळं मुळांवरून झाडून काढा. कोकोपीट बाहेरून सुकलेलं दिसतं, पण गाभ्यात ओल धरून ठेवतं आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी शोषायलाच तयार होत नाही.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत घरोघरी आहे. ती सोडून द्या असं आम्ही आग्रहाने सांगतो. वरची बारीक माती पूर्ण भिजून थबथबल्याशिवाय पाणी खालच्या जाड खडीत उतरत नाही. म्हणजे ओलीचा पट्टा तळाऐवजी मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. झाड पूर्वी जेवढं खोल होतं तेवढंच लावा. बुंध्याची हिरवी साल मातीखाली गेली की तिथे कुजते.

कुंडी बदलल्यावर सात ते दहा दिवस पाणी देऊ नका. मुळं हाताळताना तुटतात, त्या जखमा आधी सुकू द्या. पुढे दिवस मोजण्यापेक्षा बांबूची काडी वापरा. बारबेक्यूला वापरतात ती चालेल. काठाजवळून दहा सेंटिमीटर खोल खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि स्वच्छ निघाली तरच पाणी द्या, तेही तळातून वाहीपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. नाशिकच्या हवेत मार्च ते मे साधारण आठ-दहा दिवसांनी पाळी येते, पावसाळ्यात छपराखाली असेल तर तीन आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा. थंडीत धारा किंचित आत गेल्या, खांब जरा बारीक वाटला, तर घाबरू नका. तो आराम करतोय. त्या दिवसांत त्याला रोज घोटभर पाणी पाजणं हीच सर्वात महागात पडणारी माया आहे.

खत फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात, महिन्यातून एकदा. विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) लिटरमागे अर्धा ग्रॅम, ओल्या मातीत. जास्त नत्राने खांब भराभर फुगतो, साल तडकते आणि काटे विरळ येतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये नवा कॅक्टस गच्चीवर ठेवला. आठवड्यात पश्चिमेच्या बाजूला पिवळट-पांढरे चट्टे पडले. कॅक्टसला ऊन कसं बाधतं?
— वाचक, सोलापूर

उत्तर : झाड वाळवंटातलं असलं तरी ते वाढलं शेडनेटखाली. त्याच्या सालीला थेट उन्हाची सवय नाही. चट्टा पुढे लाकडासारखा, बदामी रंगाचा होईल आणि कायम राहील. टणक आहे तोवर धोका नाही. मऊ पडला तर कूज समजा.

नवं झाड पहिले दोन आठवडे सकाळी दहापर्यंतच्या उन्हात ठेवा, मग दोन आठवडे 50 टक्के शेडनेटखाली, मग उघड्यावर. सोलापूरच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडनेट राहू दिलं तरी चालेल. आणखी एक करा. झाडाची दक्षिणेची बाजू खडूने खूण करून ठेवा आणि कुंडी हलवली तरी तीच बाजू दक्षिणेला ठेवा. गच्चीच्या तापलेल्या लादीवर कुंडी थेट टेकवू नका, खाली दोन विटा द्या. लादीची धग मुळांना शिजवते आणि दोष मात्र उन्हाला जातो.

प्रश्न : सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत सेरियस आहे. दोन वर्षांत दीड फूट वाढला म्हणून आनंद होता, पण वरचा भाग अंगठ्याएवढा बारीक आणि फिकट आहे. खत कमी पडतंय का?
— वाचक, पुणे

उत्तर : उजेड कमी पडतोय. झाड उजेडाच्या शोधात ताणलंय. बारीक झालेला भाग नंतर कितीही ऊन दिलं तरी जाड होत नाही. उलट पुढे वरचा भाग भरला की तो नेमका त्या बारीक मानेत मोडतो. आम्ही कापायलाच सांगू : फेब्रुवारी-मार्चमध्ये, जिथे खांब पूर्ण जाडीचा आहे तिथे. वरचा तुकडा चिपळूणच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे लावा, बारीक खांबाला दोन आठवड्यांत खपली धरते. खालच्या खांबाला काट्यांच्या गाद्यांतून एक-दोन नवे फुटवे येतील. वरचा काप किंचित उतरता घ्या, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. रोज किमान पाच तास थेट ऊन मिळेल अशी जागा नसेल, तर उभा कॅक्टस त्या गॅलरीत ठेवूच नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे तीन धारांचा उंच निवडुंग आहे. कापला की दूध येतं. हा कॅक्टसच ना?
— वाचक, सांगली

उत्तर : नाही. दूध आलं म्हणजे तो युफोर्बिया. आपला त्रिधारी निवडुंग, शेर हे सगळे त्याच कुळातले, त्यातला त्रिधारी आपल्या मातीतला. कॅक्टस मुळात अमेरिका खंडातले. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिकडून आलेला, पण तो मात्र खरा कॅक्टस. ओळख सोपी आहे : कॅक्टसचे काटे नेहमी एका लोकरी गादीतून, झुपक्याने येतात. युफोर्बियाला ती गादी नसते आणि काटे बहुधा जोडीने असतात.

हा फरक कामाचा आहे. त्रिधारी निवडुंग उघड्यावरचा पाऊस बराच सोसतो, म्हणून कुंपणाला चालतो. पण त्याचं दूध डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. कापताना हातमोजे आणि चष्मा घालाच. दूध डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कापलेला तुकडा पाण्यात बुडवला की दूध थांबतं, मग वाळवायला ठेवा.

प्रश्न : आम्ही इथे घर घेतलं, त्याच्या अंगणात अठरा फुटी, दोन हातांचा (म्हणजे दोन फांद्यांचा) सग्वारो कॅक्टस आहे. या उन्हाळ्यात पाच फुटांवर एका जागेतून काळा, घाण वासाचा द्रव गळू लागला. एक हातही खाली झुकलाय. झाडाला ठिबकची नळी आहे. काय करावं?
— वाचक, चँडलर, ॲरिझोना

उत्तर : तुमच्याकडे जे उभं आहे ते या सगळ्या कुळातल्या सर्वात भव्य झाडांपैकी एक आहे. सग्वारोला पहिला हात फुटायला साधारण 50 ते 75 वर्षं लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. त्यामुळे घाई आणि हयगय, दोन्ही नकोत.

काळा द्रव ही जिवाणूंची कूज आहे. साल फुटलेली जागा, किड्याने पाडलेलं भोक, अशा जखमेतून जिवाणू शिरतात आणि गर वितळवतात. आधी व्याप पाहा. हातमोजे घालून डागाभोवती दाबत जा आणि मऊ भागाची कड खडूने आखा. ती हाताच्या तळव्याएवढी असेल तर स्वतः करता येईल : कोरडा दिवस निवडा, धारदार सुरीने सगळा मऊ गर आणि भोवतीचा थोडा निरोगी गर काढा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन जखम धुवा. खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत थांबणार नाही. मग जखम उघडीच राहू द्या. सिमेंट, फोम, रंग यातलं काहीही भरू नका. झाड स्वतः तिथे लाकडासारखी टणक खपली धरतं. सुतारपक्ष्याने पाडलेल्या ढोलीलाही ते असंच अस्तर लावतं आणि झाड मरून पडल्यावरही ती कोरडी खोळ शाबूत राहते. तिकडे तिला 'बूट' म्हणतात. म्हणून पक्ष्यांची ढोली बुजवायची गरज नसते.

मऊ भाग घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल, जमिनीजवळ असेल किंवा खांब नव्याने कलल्यासारखा वाटत असेल, तर लगेच जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवा आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका. पूर्ण वाढलेल्या झाडाचं वजन टनांत असतं.

झुकलेला हात सहसा वाचतो. कडाक्याच्या थंडीत हाताच्या सांध्याचा गर गोठला की तो खाली येतो, पण त्याचं टोक पुढे पुन्हा वर वळतं. उन्हाळ्याचंही कारण असू शकतं. हे झाड रात्री रंध्रं उघडून हवा घेतं, दिवसा मिटून घेतं. रात्रही तापलेली राहिली की त्याला श्वास घेता येत नाही. 2023 च्या जून-जुलैमध्ये तुमच्या शेजारच्या फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 43.3 सेल्सिअसला पोचला किंवा त्याच्यावर गेला. तेव्हा कित्येक सग्वारोंचे हात गळाले, काही झाडं उभीच्या उभी कोसळली.

आता नळीकडे या. बुंध्याशी ठिबकणारं पाणी बंद करा. या झाडाची बरीचशी मुळं जमिनीखाली फक्त 10 ते 15 सेंटिमीटरवर, पण झाड जेवढं उंच तेवढी लांब पसरलेली असतात. बुंध्याशी दिलेलं पाणी शोषणाऱ्या मुळांपर्यंत पोचत नाही आणि बुंधा मात्र ओला राहतो. उन्हाळी पाऊस महिनाभर रुसला तरच महिन्यातून एकदा, खोडापासून पाच-सहा फूट लांब, गोलाकार, सावकाश भिजवा. धारा फुगून एकमेकींपासून लांब गेल्या असतील तर तेवढंही नको, कारण जादा पाण्याने साल उभी फाटते. बिल्डरने झाड दुसरीकडून आणून लावलेलं असेल तर एक ध्यानात घ्या. अशी झाडं लावल्यानंतर काही वर्षांनीही ढासळतात, कारण तोडलेली मुळं भरून यायला तितका काळ जातो.

प्रश्न : मला सग्वारो बियांपासून वाढवायचा आहे. नातेवाईक अमेरिकेत आहेत, त्यांनी तुकडा आणला तर?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : तुकडा आणू नये. कॅक्टसचं जवळपास सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतं, ॲरिझोनात सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे आणि भारतात झाड आणायला आयात परवाना व रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय सग्वारोचा कापलेला हात सहजासहजी मुळ्या धरत नाही, त्यामुळे झाडाचा जीव जातो आणि हाती काही लागत नाही. नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून बी घ्या.

खडी आणि चाळलेली माती निम्मी-निम्मी घेऊन कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवा. गार झाल्यावर झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओलसर करून पसरा. काळं, मोहरीएवढं बी वरच ठेवा, मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. डबा 25 ते 30 अंशांत, खिडकीजवळ, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. आठ-पंधरा दिवसांत हिरवे मणी दिसतील. महिना-दीड महिन्याने झाकण रोज थोडं जास्त उघडत जा. एकदम उघडलं तर रोपं सुकतात, फार काळ बंद ठेवलं तर बुरशीने माना टाकतात. वर्षअखेर वाटाण्याएवढं झालं तर उत्तम. रानात दहा वर्षांचा सग्वारो चार सेंटिमीटरच्या आसपास असतो. वर्षभरात बोटभर उंच, पाच-सहा धारांचं रोप झालं, तर विक्रेत्याने सेरियसचं बी दिलंय. आणि उंच खांबच हवा असेल तर सेरियसच लावा, जमिनीत तो वर्षाला फूटभर सहज वाढतो.

प्रश्न : निळसर कॅक्टसच्या काट्यांच्या मुळाशी पांढरा कापूस जमलाय. निंबोळी तेल फवारलं तर निळा रंगच गेला.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : निळा रंग म्हणजे सालीवरचा मेणाचा थर. तेल आणि साबण तो विरघळवतात आणि गेलेला थर त्या भागावर परत येत नाही. नवी वाढ निळी येईल. कापूस आहे तो पिठ्या ढेकूण. निळ्या जातींवर फवारणी करूच नका. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून फक्त कीड टिपा, संध्याकाळी, दर पाच दिवसांनी, चार वेळा. अंडी लोकरीत लपलेली असतात, एका वेळेत संपत नाहीत.

कापूस वर परत परत येत असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं पाहा. मुळांवर पांढरी भुकटी आणि कुंडीच्या आतल्या बाजूला निळसर-पांढरा लेप दिसला, तर कीड मुळांवरही आहे. माती टाकून द्या, मुळं पाण्याने धुवा, लिटरमागे अर्धा मिलिलिटर इमिडाक्लोप्रिड (17.8 एसएल) घेऊन मुळं दहा मिनिटं बुडवा, आठवडाभर सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा. कळ्या-फुलं असताना हे औषध वापरू नका, मधमाश्यांना ते घातक आहे. शेंड्याशी गंजासारखा बारीक तपकिरी खरखरीतपणा आला तर तो लाल कोळी. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरमागे दोन ग्रॅम, पण पारा 32 च्या खाली असतानाच.

प्रश्न : बारा वर्षांच्या सेरियसला यंदा फुलं आली, पण एकही फळ धरलं नाही.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फुलं आली म्हणजे झाडाची प्रकृती उत्तम आहे. सेरियसची बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत. त्याच झाडाचे तुकडे लावून वाढवलेली शेजारची झाडंही उपयोगाची नाहीत, कारण ती सगळी मिळून एकच झाड असतात. दुसऱ्या बियांपासून आलेलं वेगळं झाड लागतं.

ब्रह्मकमळ पाहायला आपण शेजाऱ्यांना रात्री बोलावतो, तेही याच कुळातलं. सेरियसची कळी तशीच, एका रात्रीची. दुपारी टोकाशी घट्ट असलेली कळी संध्याकाळी फुगते, अंधार पडल्यावर बाहेरच्या हिरवट-तांबूस पाकळ्या मागे वळतात आणि रात्री दहाच्या सुमारास आतला पांढरा पसारा पूर्ण उघडतो. मधोमध पिवळसर परागांची दाट झालर आणि तिच्यातून पुढे आलेली फिकट, बोटांसारखी फुटलेली स्त्रीकेसराची टोकं. मऊ कोरडा ब्रश दुसऱ्या झाडाच्या परागांवर फिरवा आणि याच टोकांवर टेकवा. दहा ते बारा ही वेळ चांगली. दोन्ही झाडं एका रात्री फुलली नाहीत, तर पराग कागदाच्या पुडीत, डबीत बंद करून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येतात. आठवड्यात फुलामागचा भाग पिवळा पडून गळला तर प्रयत्न फसला. हिरवा राहून फुगला तर दीड-दोन महिन्यांत काटे नसलेलं, रंगलेलं फळ मिळेल. ते तडकायच्या आत काढा. आत पांढरा गर आणि काळ्या बिया असतात, चव सौम्य गोड.

प्रश्न : पांढऱ्या केसांचा 'ओल्ड मॅन' कॅक्टस आहे. केस काळपट, चिकट झालेत. धुतले तर चालतील?
— वाचक, मडगाव

उत्तर : चालतील, पण गोव्यात फक्त डिसेंबर ते मार्च. हा मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यातल्या चुनखडीच्या दऱ्यांतला. केस त्याला उन्हापासून वाचवतात, म्हणून ते कधी कापू नका. आधी केस बाजूला करून आत पाहा. चिकटपणा पिठ्या ढेकणाचाही असतो, तो असेल तर पहिल्यांदा त्याचा बंदोबस्त. कुंडीचं तोंड प्लास्टिकने बांधा, झाड आडवं धरा, लिटरभर कोमट पाण्यात चार थेंब सौम्य शाम्पू घालून मऊ दाढीच्या ब्रशने मुळाकडून टोकाकडे धुवा आणि साध्या पाण्याने दोनदा काढा. मग पंख्याखाली, आडवंच, पूर्ण सुकू द्या. केसांच्या आत ओल राहिली तर साल कुजते आणि केसांमुळे ती दिसतही नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन-तीन ठिकाणी केस बाजूला करून साल दाबून पाहा. मिश्रणात दहा इंची कुंडीमागे दोन मुठी चुनखडीचा बारीक चुरा घातला तर त्याला मानवतो. बुंध्याकडचे केस वयानुसार राखाडी होऊन झडतात, ते धुऊन पांढरे होणार नाहीत.